मालकीचा रकाना

गुरुवारी दुपारी जेवण आटोपून कालिपा मुख्य इमारतीच्या तळघरात गेली ती एक जुना नकाशा आणायला. काम अगदी साधं होतं. मुलींच्या वसतिगृहाला गरम पाणी पोचवणारा जमिनीखालचा नळ गंजून फुटला होता. त्याच्या शेजारून नवा नळ टाकून झाला होता, आणि चर बुजवण्याआधी त्याची मापं घेऊन जुन्या नकाशाशी ताडून पाहायची होती. बिश्केकची थंडी त्या आठवड्यात उणे सतरावर उतरली होती आणि वसतिगृहातल्या मुली तीन दिवस कोट घालून झोपत होत्या.

नकाशा कापडाचा होता, शिवाय एवढा मोठा की एकटीला उलगडता येऊ नये. कोपऱ्यात बारीक, सुबक अक्षरात नाव होतं: उमसुनाय. ते नाव दिसलं की कालिपाच्या नाकाला मिरच्या झोंबत.

उमसुनाय गेल्या हिवाळ्यात वारली. त्याआधीची चौतीस वर्षं आमच्या विद्यापीठाच्या जमिनीखाली काय काय आहे ते त्या एका बाईला ठाऊक होतं. कुठला नळ कुठे वळतो, कुठली तार कुणाच्या डोक्यावरून जाते, कुठला जुना हौद बुजवलाय, सगळं. मोजणीचं यंत्र तिनं कधी हातात धरलं नाही. चरावर आडवी दोरी बांधायची, खाली मापाची काठी घेऊन माणूस उतरवायचा, तो आकडे सांगेल ते वर बसून लिहायचे, ही तिची पद्धत. आणि ती गेल्यावर वर्षभरानंही कुणाचा नळ फुटला, कुणाचा दिवा गेला, की लोक कालिपाला फोन करून विचारायचे, "उमसुनाय एजेनं काय लिहून ठेवलंय तिथं?" एजे म्हणजे आमच्याकडे ताई.

कालिपा काही कामचुकार नव्हती. उलट उमसुनायच्या जागेवर आल्या आल्या तिनं रात्रीचा दिवस करून विद्यापीठाच्या आवारात जमिनीखाली काहीही टाकायचं तर कुठल्या अटी पाळायच्या त्यांची तेवीस पानांची नियमावली लिहून काढली. नळाखाली वाळूची गादी हवी. वर धोक्याची पिवळी पट्टी हवी. जुन्या नळापासून दोन मीटरच्या आत खणायचं यंत्र चालवायचं नाही, फावड्यानंच खणायचं. उघड्या चरात मापं घेतल्याशिवाय आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय माती लोटायची नाही. आणि सतरावं कलम, ज्याचा तिला सर्वांत अभिमान: जमिनीखाली जे काही सापडेल ते, वापरात असो वा नसो, नकाशावर आलंच पाहिजे, आणि मालकीचा रकाना कोरा असेल तर नकाशा मंजूर होणार नाही.

शुक्रवारी सकाळी समिती बसणार होती. कालिपानं यंत्रावर काढलेला नवा नकाशा मंजूर झाला की उमसुनायचं कापड कायमचं दप्तरात बंद होणार, आणि यापुढे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात कालिपाचं नाव येणार. फक्त ह्या एका नळाची मापं भरायची राहिली होती. वर्षभर ती ह्या एका दिवसासाठी जळत होती, असं म्हटलं तरी चालेल.

नकाशा बगलेत मारून ती चरापाशी आली तेव्हा ताबिल्दी मुकादम पत्र्याच्या चुलीवर कढई ठेवून बोर्सोक तळत होता. गुरुवार ना. पिठाचे चौकोनी तुकडे उकळत्या तेलात टाकायचे, ज्याच्यासाठी तळतोय त्याचं नाव घ्यायचं, म्हणजे तो वास गेलेल्या माणसाला पोचतो. ताबिल्दीची साठी उलटली होती, आणि जमीन उघडी असताना गुरुवार चुकवणं त्याला जमत नसे.

"कुणाच्या नावानं चाललंय, बायके?" कालिपानं विचारलं. वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे बायके, म्हणजे दादा, म्हणतात. उत्तर तिला माहीत होतं.

"उमसुनाय एजेच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

"काम माझं आणि वास तिला."

ताबिल्दी हसला. "अगं पोरी, मेलेल्या बाईशी कसली स्पर्धा करतेस? तुला खायला मिळतंय, तिला नुसता वास. घे एक."

तिनं घेतला नाही.

चारच्या सुमारास उजेड मातकट झाला. शहराच्या कोळशाचा धूर खाली बसला होता, आणि फुटक्या जुन्या नळातून अजून झिरपणाऱ्या गरम पाण्याची वाफ चरात भरून काठापर्यंत आली होती. साठ मीटर लांबीचा चर, आणि आत काठोकाठ पांढरं. कालिपानं यंत्र लावलं. थंडीनं त्याचा सेल पार उतरला होता. पडद्यावर एक रेघ उमटली आणि तीही विझली.

बुरुल ही तिची मदतनीस, तिशीची, तोंडाळ, पण कामाला वाघ. कालिपा तिला म्हणाली, "कचेरीत जाऊन दुसरा सेल बघ. नाही मिळाला तर तशीच परत ये, आणि वसतिगृहाच्या टोकाकडून काठी घेऊन खाली उतर. दोरीनं मापू."

"दोरीनं?" बुरुलनं भुवया चढवल्या. "तुम्ही, एजे? उमसुनाय एजेसारखं?"

"तोंड कमी चालव आणि पाय जास्त."

बुरुल गेली. ताबिल्दी कढई घासायला गोदामात गेला. कालिपानं दर पाच मीटरवर चरावर आडव्या दोऱ्या ताणल्या, बारा ठिकाणी, आणि चराच्या मध्यावर उलट्या बादलीवर वही उघडून बसली. दोऱ्या बांधताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. शेवटी त्या बाईचीच पद्धत.

पाचेक मिनिटं गेली असतील. वसतिगृहाच्या टोकाकडून, खालून, काठी नळावर टेकल्याचा आवाज आला.

टक.

"उतरलीस का गं?" कालिपानं हाक दिली.

"एक… दहा." आवाज वाफेतून आला. तोंडावर मफलर बांधल्यावर येतो तसा दबका.

कालिपानं लिहिलं. पहिलं ठिकाण, खोली एक मीटर दहा. काठी सरकली. टक. "एक… अकरा." टक. "एक… अकरा." सुरेख चाललं होतं. एरवी बुरुल दर मापाला दोनदा काठी घसरवायची आणि तीनदा कुरकुर करायची. आज तिची एकही तक्रार नव्हती. आवाज वाफेतून हळूहळू जवळ येत गेला, कालिपाच्या पायांखालून गेला, आणि तेव्हा तिला तेलाचा वास आला. गरम, ताज्या तेलाचा. ताबिल्दीची चूल तर केव्हाच विझली होती. तिला वाटलं, कपड्यांना लागला असेल.

"एक… तेरा. सांधा नीट आहे."

"सांधा तुला कधीपासून कळायला लागला?" कालिपा हसून म्हणाली.

काठी पुढे सरकली.

बारावं माप लिहून कालिपानं वहीखाली रेघ मारली. अर्ध्या तासात साठ मीटर. यंत्रानं दीड तास लागला असता. तिच्या मनात आलं, उद्या समितीला दोरीबद्दल काही सांगायची गरज नाही. आकडे बोलतील.

"झालं. ये वर."

टक.

आवाज परत मध्यावर आला होता. अगदी तिच्या पुढ्यात.

"सातव्यापाशी… डावीकडे… कपार."

"कसली कपार? ठेकेदारानं माती जास्त काढली का?"

"लांबी एक बासष्ट… रुंदी साठ… उंची सत्तर." काठी मातीवर ओढल्याचा आवाज. "रिकामी."

कालिपाची पेन्सिल चालतच होती. सवय. कुणी आकडा सांगितला की हात लिहितो. तिनं 'रिकामी' असं लिहिलं, आणि तेव्हा खालून, अगदी हळू, विचारणा झाली.

"मालक… कोण लिहू?"

"तू कुठे लिहितेयस?" कालिपा वैतागून म्हणाली. "लिहितेय मी. बुरुल, थट्टा पुरे. वर ये."

"सेल मिळाला, एजे."

हे मागून आलं. कालिपा वळली. फरसबंदीवरून बुरुल धापा टाकत येत होती. एका हातात सेल, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन सामसे. बूट कोरडे. मापाची काठी तिच्या काखेत होती, कचेरीत जाताना नेली होती तशीच.

"उशीर झाला, पण कँटीनमध्ये रांग होती. तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

कालिपानं वही मिटली. "कुणाशी नाही," ती म्हणाली.

आता इथे कुणीही शहाणं माणूस काय करील? पानं फाडील आणि मापं नव्यानं घेईल. कालिपा घाबरली होती, मान्य. पण भीतीच्याही खाली दुसरं काहीतरी ठसठसत होतं. आपल्याला कुणी मदत केली ते तिला कळलं होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. तिनं नवा सेल यंत्रात घातला आणि बुरुलला खाली उतरवून तीन ठिकाणं पडताळली. तिसरं, सातवं, अकरावं. तिन्ही आकडे जुळले. सेंटीमीटरचाही फरक नाही.

"सातव्यापाशी डावीकडे काही दिसतं का बघ," तिनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

बुरुलनं काठीनं ठोकून पाहिलं. "माती आहे, एजे. गच्च. काय दिसायला हवं?"

ताबिल्दी परत आला तेव्हा तिनं त्याला बाजूला घेऊन वही दाखवली. नुसती दाखवली, बाकी काही सांगितलं नाही. त्यानं चष्मा लावला, बोटानं ओळी वाचत खाली आला आणि कपारीच्या ओळीवर थांबला.

"हे कुणी मापलं?"

"का?"

"मी गावात पन्नासेक कबरी खोदल्यात, पोरी." त्याचा आवाज खाली गेला. "आधी सरळ खड्डा, आणि मग किब्ल्याच्या बाजूला, मक्केकडे, कपार, माणसाला आत सरकवायला. आपल्या चराची डावी बाजू किब्ल्याचीच आहे… आणि ही मापं बाईमाणसाची आहेत." त्यानं तिच्याकडे टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं. "फार उंच नसलेल्या."

चरातली वाफ आता निळसर दिसत होती.

"हे पान फाड," ताबिल्दी म्हणाला, आर्जवानं नव्हे, मुकादमाच्या सुरात. "उद्या समितीला सांग, मापं चुकली, एक दिवस द्या. मी रात्रभर चर राखतो. सकाळी मशिदीतला मोल्दो येऊन दुवा म्हणेल, मग तुझ्या यंत्रानं पुन्हा मापू."

"आणि मुलींनी अजून एक रात्र गारठायचं?"

"मुलींसाठी बोलतेस का तू?"

कालिपानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मुलींसाठी बोलत नव्हती, आणि ते दोघांनाही कळत होतं. एक दिवस पुढे ढकलायचा म्हणजे समितीत कुणीतरी म्हणणार, उमसुनाय असती तर वेळेत झालं असतं. तेवढं एक वाक्य पुन्हा ऐकण्यापेक्षा तिला दुसरं काहीही चाललं असतं. तिनं बारा मापं नव्या नकाशावर चढवली, कपारीची ओळ तेवढी सोडून दिली, आणि मातीखाली झाकल्या जाणाऱ्या कामाच्या दाखल्यावर सही केली. ठेकेदारानं केली. ताबिल्दीनं पेन बराच वेळ हातात धरलं आणि शेवटी केली. सहा वाजता वाळू पडली, पिवळी पट्टी पडली, माती पडली. सात वाजता वसतिगृहाचे नळ तापले आणि खिडक्यांतून मुलींचा ओरडा ऐकू आला.

रात्रभर बर्फ पडलं.

समिती दुसऱ्या मजल्यावर बसली. उपकुलगुरू ओसमोनोव्ह, एक चिटणीस बाई, दोन खातेप्रमुख आणि चहा. ताबिल्दी दाराशी खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. कालिपानं नकाशा टेबलावर पसरला. ओसमोनोव्ह त्यावर वाकला, आणि त्याचं तोंड खुललं.

"वा. हे काम म्हणायचं. प्रत्येक सांध्याची खोली. असं नेटकं मी पूर्वी एकाच बाईचं पाहिलं होतं."

"उमसुनायचं," एक खातेप्रमुख म्हणाला.

"तिचंच. तिचा हात लागल्यासारखं वाटतं अगदी."

कालिपानं चहाचा पेला इतका घट्ट धरला की बोटं भाजली. ओसमोनोव्ह शिक्का हातात घेऊन सहज खिडकीपाशी गेला, नकाशा आणि जमीन एकदा ताडून बघायला. खाली हिरवळीवर वीतभर बर्फ साचलं होतं. नव्या नळाच्या डोक्यावर मात्र ते वितळून काळ्या मातीची सरळ पट्टी उघडी पडली होती, गरम नळावर पडते तशी.

"आणि ते काय?" ओसमोनोव्हनं विचारलं.

सगळे उठून खिडकीशी आले. पट्टीच्या मध्यावर, डाव्या बाजूला, आणखी एक काळा तुकडा उघडा होता. लांबट. हातभर रुंद. त्याच्या कडा कापल्यासारख्या नीट होत्या.

"तिथे खाली काहीतरी गरम आहे," ओसमोनोव्ह म्हणाला. "तुमच्या नकाशावर नाही."

वही पिशवीत होती. तिनं ती काढली, उघडली, आणि ती ओळ त्याच्यापुढे धरली.

"कपार," त्यानं वाचलं. "एक बासष्ट, साठ, सत्तर. मग नकाशावर का चढवली नाही? सतरावं कलम तुमचंच ना? बरं, चढवा आता. मालकी कुणाची?"

कालिपा खिडकीतून खालच्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिली.

"रकाना कोरा ठेवून मला शिक्का मारता यायचा नाही, कालिपा. नियम तुम्हीच केलाय."

ताबिल्दी दाराशी उभा राहिला. "उमसुनाय एजेचं लिहा, साहेब," तो म्हणाला. "तिचंच आहे ते. तिच्या नावानं लिहा आणि मिटवा."

"असेल," चिटणीस बाई मान डोलावत म्हणाली. "तिच्या काळातला एखादा जुना हौद असेल."

"तिला ठाऊक असणारच."

"तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार खालचं?"

ताबिल्दी कालिपाकडे बघत होता. नुसत्या डोळ्यांनी विनवत होता. लिही, पोरी. तिचं तिला देऊन टाक. आणि कालिपालाही समजत होतं. ती खुळी नव्हती. ती ओळ कशाची आहे, कोणाच्या मापाची आहे, हे त्या खोलीत फक्त त्या दोघांना माहीत होतं, आणि दुसऱ्याचं नाव लिहून सुटायची वाट तिच्यापुढे मोकळी पडली होती. पण चौतीस वर्षांची प्रत्येक रेघ त्या बाईची. कालची बारा मापंसुद्धा खरं तर तिचीच, आणि ती पाहून कौतुक झालं तेही तिचंच. आता स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या हातानं, पुन्हा ते नाव लिहायचं?

"नाही," ती म्हणाली. "त्यांचं काही नाही तिथे. ते माझं आहे."

"तुमचं?"

"मी मापलंय. मी शोधलंय. माझं आहे."

"कालिपा…" ताबिल्दी म्हणाला.

तिनं पेन उचललं. तेरावी ओळ. कपार, डावी बाजू, लांबी, रुंदी, उंची, स्थिती रिकामी. मालकीच्या रकान्यात तिनं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, ठसठशीत. ओसमोनोव्हनं खांदे उडवले आणि शिक्का मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताबिल्दी बाहेर निघून गेला होता.

दुपारी चिटणीस बाईनं नकाशाची पक्की प्रत आणून दिली. कालिपानं कोपरा पाहिला. तिचं नाव, एकटं, सुंदर छापलेलं. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला ते समोर होतं. तिनं मग शेवटची ओळ पाहिली. मालकीच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, वापर सुरू होण्याच्या तारखेचा. बाकी बारा ओळींत कालचीच तारीख होती. तेराव्या ओळीत तो रकाना तिनं कोरा सोडला होता.

आता तो कोरा नव्हता. बारीक पेन्सिलीनं, सुबक आकड्यांत, एक तारीख लिहिली होती.

"हे कुणी भरलं?" तिनं विचारलं.

"तुम्हीच भरलं असेल," चिटणीस बाई म्हणाली. "माझ्याकडे आलं तेव्हा होतंच."

कालिपानं खोडरबर घेतलं. कागद झिजून पातळ झाला. आकडे तसेच राहिले.

ती तारीख तिनं कुणाला सांगितली नाही. ताबिल्दीनं एकदाच विचारलं, गोदामाच्या दारात, आजूबाजूला कुणी नसताना. "उलटून गेलेली आहे… की यायची आहे?" ती नुसती किल्ली हातात फिरवत राहिली.

तिची एकुलती एक मुलगी ओशला नोकरीला आहे. तिचं लग्न येत्या शरदात ठरलं होतं, हॉलही सांगून ठेवला होता. त्या संध्याकाळी कालिपानं तिला फोन केला आणि लग्न एप्रिलच्या आत उरकून घ्या म्हणाली. मुलीनं पुन्हा पुन्हा विचारलं, आई, एवढी घाई कसली, शरदात काय बिघडतंय. कालिपा म्हणाली, "शरदात मला जमणार नाही."